ओढणीआडचं दूध

गुरुवारी वजनाचा काटा पुन्हा झाडाला टांगला जाणार होता, आणि आज होता सोमवार. नऊ दिवसांच्या नातीच्या अंगावर तीन दिवसांत मांस चढवून दाखवायचं होतं जालूआईला. नाही चढलं, तर दवाखान्याची नर्स जशुबेन जीप बोलावून पोरीला आणि तिच्या आईला तालुक्याला नेणार, आणि वर डब्यातल्या दुधाची पूड लिहून देणार.

डब्यातलं दूध! साठ जाफराबादी म्हशी रवंथ करत बसलेल्या नेसात, गवळ्यांच्या वस्तीत! जंगलातल्या त्या काटेरी कुंपणाच्या आत जालूआईनं स्वतः सहा पोरं वाढवली होती, पाच दिरांची आणि नणदांची पोरं पायावर घेऊन न्हाऊ घातली होती, आणि एकाच्याही तोंडाला रबराची बाटली लागली नव्हती.

"जन्मली तेव्हा पावणेतीन किलो होती," जशुबेन सकाळी झोळीतून पोरीला उचलत म्हणाली होती. "आज अडीच भरली. पहिले दोन-चार दिवस वजन उतरतं, ते चालतं. पण नवव्या दिवशी परत चढायला लागलं पाहिजे. राजल, दुखतं का गं पाजताना?"

घुंगटाच्या आतून राजलची मान हलली. किती हलली, ते कापडाला ठाऊक.

"बोंडांना चिरा पडल्यात," जालूआईनंच उत्तर दिलं. "मी रोज पाजायच्या आधी आणि नंतर साबणानं खसाखसा धुते. वर हळद-तुपाचा लेप देते. पुसून परत लावते. काही कमी करत नाही मी."

"साबण बंद करा, आई. साबणानं कातडी आणखी सुकते, आणखी फाटते. आणि लेप पुसताना चीर पुन्हा उघडते. खरं दुखणं वेगळंच असणार. पोर तोंडात नीट घेत नसेल. नुसतं टोक धरून ओढत असेल. बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे, भरपूर. एकदा पाजून दाखवा, मी बघते."

"आमच्या वहवा, घरच्या सुना, चारचौघांत छाती उघडून बसत नाहीत," जालूआई म्हणाली. विषय संपला.

जशुबेननं वही मिटली. तिला अजून दोन नेस गाठायचे होते. निघताना मात्र गाडीला किक मारता मारता तिनं दम दिला, "गुरुवारी येते. मधे पोर सुस्त पडली, प्यायला उठेना, लंगोट ओले करेना, तर गुरुवारची वाट बघायची नाही. लगेच आणायचं."

ती गेली, आणि बाकीचं पुरं करायला करमी आली. करमी म्हणजे धाकट्या दिराची बायको. तिचं घर याच कुंपणात, पन्नास पावलांवर, आणि कान जालूआईच्या भिंतीला.

"मोठ्या आई, माझी शेळी दोन दिवसांमागे व्यालीय," ती गोड आवाजात म्हणाली. "लोटाभर देऊ का पोरीला? पाणी घालून पाजू. तुमच्या वहूला काही पान्हा फुटेना, म्हणून आपलं विचारलं."

"शेळीचं दूध तू पी," जालूआई म्हणाली. "बें बें तर करतेसच."

पण आतून ती हलली होती. पोर दिवसभर रडायची, छातीला लावली की दोन क्षण गप्प, पुन्हा रडायची. सहाव्या दिवशी आत्यानं हौसेनं मोंघी नाव ठेवलं, तेव्हासुद्धा रडतच होती. आणि राजल! पोरीचं तोंड जवळ आलं की ती श्वास अडवायची. घुंगटाआडून आवाज काढायची नाही, पण टाच जमिनीवर घासायची. नऊ दिवसांत शेणानं सारवलेल्या जमिनीला तिथं खड्डा पडला होता.

राजलला माहेरी आई नव्हती. दोन वर्षांमागे वारली. घरात बाप आणि तीन भाऊ, सगळे म्हशींमागे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं अशी साऱ्या नेसांची रीत. पण तिला तिथं कुणी बाळंतिणीची राब, गूळ-तुपाची पेज, शिजवून घालणारंही नव्हतं. तेव्हा जालूआई भर पंगतीत बोलली होती, "माझ्याकडंच होऊ दे. आई नाही तर मी आहे. बघाच, माहेराहून बरं करीन." आता त्या बोलण्याची लाज करमीच्या हातात जायची वेळ आली होती.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. पितळी चरवी घेऊन जालूआई ढेल नावाच्या म्हशीखाली बसली. ढेल पहिलटकरीण होती, पण गरीब. ती कधी लाथ मारायची नाही. आज जालूआईनं सडाला हात लावला मात्र, म्हशीनं अशी लाथ झाडली की चरवी थेट गवतात जाऊन पडली.

"हमीर!" जालूआई ओरडली. "हिच्या सडाला कुणी काय केलं?"

तिचा मुलगा हमीर डोक्यावरचा फेटा सावरत धावत आला. जालूआईनं वाकून पाहिलं. मागच्या सडाच्या टोकाला चीर होती, रक्ताची बारीक रेघ. तिनं रेडकाकडं पाहिलं. खुंट्याला अगदी आखूड दोरीनं बांधलेलं.

"सकाळपासून असंच पाजतोयस ह्याला?"

"हो. मोकळं सोडलं की सगळं पिऊन टाकतं. दुधाच्या गाडीला काय देणार मग? म्हणून दोरी आखूड केली. म्हशीला पुढं नेऊन सड त्याच्या तोंडात धरायला देतो."

"अरे गाढवा! रेडकू पितं कसं, कधी पाहिलंयस का? आधी मान वर करतं. हनुवटी कासेला टेकवतं. मग आ वासून खालून घेतं, भरून. तू त्याची मान बांधलीस. त्याला वर बघता येईना, ते टोकच चावत बसलं! दूधही मिळेना त्याला आणि म्हशीची कातडीही..."

जालूआई बोलता बोलता थांबली.

टोकच चावत बसलं. नुसतं टोक धरून ओढतं. भरपूर तोंडात गेलं पाहिजे.

"आई? चरवी उचलू का?" हमीर म्हणाला.

"दोरी सोड!" ती किंचाळली. "त्याची दोरी सोड आधी, आणि तू धार काढ!" आणि साठीची बाई चरवी गवतातच टाकून, घागरा दोन मुठींत धरून, शेणातून घराकडं पळाली. कुत्री भुंकत मागं लागली. सिंह आला की काय म्हणून करमी काठी घेऊन बाहेर आली.

पडवीत खाटेवर नागदान बापा बसले होते. जालूआईचे मालक. रकाबीत ओतलेल्या चहावर फुंकर मारत होते. त्यांच्या खाटेपासून आतल्या खोलीचं दार चार हातांवर. खोली एकच, दाराला फळी नाही, नुसता गोधडीचा पडदा.

"राजल, पोरीला पाजायला घे," जालूआई आत शिरत म्हणाली. "कशी पाजतेस ते बघायचंय."

राजल भिंतीला टेकून बसली होती. सासूची चाहूल लागताच तिनं सवयीनं काळी लोकरी ओढणी कपाळावरून खाली, हनुवटीच्याही खाली ओढली. मोंघीला उचललं. पोर गाठोड्यासारखी घट्ट गुंडाळलेली, हात आत, पाय आत. ते गाठोडं ओढणीखाली गेलं. बाहेर जालूआईला दिसलं काय? काळं कापड. ते दोनदा हललं, तिसऱ्यांदा आतून दात आवळल्याचा आवाज आला, आणि टाच त्या खड्ड्यात घासली गेली.

"आत तुला काय दिसतं गं?" जालूआईनं विचारलं.

 कापड हळूच म्हणालं, "काही नाही, आई."

"काही नाही म्हणजे?"

"अंधार असतो. चाचपून लावते. डोक्यामागून दाबते, मग धरते ती."

"नऊ दिवस तू चाचपून पाजतेस?"

"हो."

"अगं मग मी आत नसताना तरी ओढणी वर करायचीस!"

"तुम्ही आत कधी नसता, आई?"

जालूआई तिच्यापुढं जमिनीवर बसली.

तिला आपलं पहिलं बाळंतपण आठवलं, बापाच्या नेसातलं. उघडं डोकं, उघडं तोंड. लेकीला बापाघरी कसली लाज? समोर तिची आई बसलेली, "अगं हनुवटी, हनुवटी! तोंडात दे, नाकात नको!" म्हणून शिव्या घालणारी, हसणारी. चार दिवसांत जमलं होतं. मग तीन महिन्यांचं पोर घेऊन सासरी आली, तेव्हा घुंगटाखाली काय आणि कांबळ्याखाली काय, पोर आपलं आपण शोधून प्यायचं. सगळ्या बायका अशाच तिथं शिकून इथं येत. म्हणून कुणाला कळलंच नव्हतं की हे शिकावं लागतं. आणि या पोरीला तिनं मोठ्या तोऱ्यात इथं ठेवून घेतलं, राब दिली, सुंठीचे लाडू दिले, शेक दिला. डोळे तेवढे झाकून ठेवले.

ती उठली. पडदा बाजूला केला.

"अहो, उठा."

नागदान बापांनी रकाबीवरून वर पाहिलं. "काय झालं?"

"खाट उचला आणि तिकडं रायणीच्या झाडाखाली जा. दुपारी, संध्याकाळी, सकाळी, तिकडंच. मी सांगेपर्यंत."

"माझ्या घराच्या पडवीतून मी जाऊ?"

"तुमचा खोकला ऐकला की माझी वहू ओढणी आणखी खाली ओढते. नात हवी की पडवी?"

"पण चहा..."

"चहा तिथंही ओला असतो!"

बापांनी एकदा बायकोकडं पाहिलं. चाळीस वर्षांचा संसार होता, तो चेहरा त्यांना ठाऊक होता. त्यांनी रकाबी खाटेवर ठेवली, खाट डोक्यावर घेतली, रकाबी सांडली, आणि ते मुकाट निघाले. अंगणात करमी हातातली काठी विसरून बघत उभी होती.

"मोठ्या आई! भावजींना घराबाहेर काढलंत?"

"काढलं. तुला यायचंय तर आत ये, हात धुऊन ये, आणि तोंड बाहेर ठेवून ये."

जालूआई आणि तिच्यामागून करमी हात धुऊन आत आल्या, आणि जालूआई राजलसमोर मांडी घालून बसली. दोन्ही हातांनी ओढणीची कड धरली आणि मागं सारली. पार मागं, खांद्यावर.

दोन वर्षांत उजेडात तिनं सुनेचा चेहरा असा समोरासमोर पाहिला नव्हता. लहानसा होता. खालचा ओठ चावून चावून सुजला होता. गालांवर पाणी सुकून पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. राजलनं घाईनं कड पुन्हा पकडली.

"सोड ती," जालूआई म्हणाली. "माझ्यापुढं आजपासून नाही. मी तुझी सासू नाही या घडीला."

"मग कोण?" राजलनं घाबरून विचारलं.

"तुझ्या आईच्या जागची. शिव्या घालणार आहे, तयार राहा. दाखव."

डावीकडच्या बोंडाला आडवी चीर होती, उजवीकडं थोडी कमी. जालूआईनं कोमट पाण्यात स्वच्छ फडकं भिजवून हळद-तुपाचा कालचा थर सोडवला. घासला नाही, भिजवून सोडवला. साबणाची वडी तिनं स्वतः उचलून पडद्याबाहेर भिरकावली.

"आधी कमी दुखणारी बाजू. आणि हे गाठोडं सोड!" तिनं मोंघीचं कापड उलगडलं. मोकळे झाल्याबरोबर पोरीचे हात फडफडले. "पोटाला पोट. तिचं अंग तुझ्या अंगाला चिकटलं पाहिजे, मान वळवून कोण पितं? तू पाणी असं पितेस, खांद्यावरून? डोकं दाबू नकोस. मानेखाली हात दे, डोकं मागं जायला मोकळं. नाकासमोर बोंड आण. आता ओठावर टेकव. थांब. थांब गं!"

मोंघीनं अर्धं तोंड उघडलं. राजलनं घाई केली. टोक पकडलं गेलं आणि राजल कळवळली.

"ओढू नकोस! ओढलंस तर चीर फाटेल. करंगळी धुतलेली आहे ना? तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाल. हिरड्यांमधून. हां, सुटलं. रेडकाला अशीच सोडवते मी."

"म्हणजे मी म्हैस झाले," राजल म्हणाली.

 सून सासूपुढं विनोद करते? मग करमी फस्सकन हसली, आणि जालूआईनं राजलच्या मांडीवर थाप मारली. "म्हैस शहाणी असते. ती पोराकडं बघून पाजते. पुन्हा!"

दुसऱ्यांदा पोर रागावली, लालबुंद झाली, डोकं इकडं तिकडं आपटू लागली. रडणारं तोंड उघडं असतं, पण जीभ टाळूला चिकटलेली. जालूआईनं तिला उचललं, छातीशी धरून डुलवलं, गप्प केलं, परत दिलं. जालूआईच्याच कपाळावर घाम आला होता. 

"छाती दगडासारखी झालीय, पोरीला धरताच येत नाही. चार थेंब हातानं काढ. बोटं मागं ठेव, काळ्या घेराच्या मागं, आणि दाब. असं. मऊ झालं? आता लाव. ओठाला टेकव. बघ तिच्या तोंडाकडं. तू बघ, मी नाही! जांभईएवढं उघडलं की..."

मोंघीनं आ वासला.

"आता! हनुवटी आधी!"

राजलनं पोरीला जवळ ओढलं. हनुवटी छातीत रुतली, डोकं किंचित मागं गेलं, खालचा ओठ बाहेर उलटला, आणि बोंडच नव्हे तर खालचा काळा घेरही जवळजवळ सगळा आत गेला. राजलनं श्वास अडवला. डोळे मिटले. जालूआई तिच्या पायाकडं बघत होती. पायाची बोटं आवळली... एक, दोन, तीन ओढी... आणि सैल पडली. टाच जागच्या जागी राहिली.

"आई," राजल डोळे उघडत म्हणाली. "पहिल्यांदा चमकलं. आता... आता नाही दुखत."

"श्श! ऐक!"

तिघींनी कान लावले. बाहेर म्हशींच्या घंटा, आत पोरीच्या नाकाचा बारीक आवाज. आणि मग: गट. थांबून, गट. गट. गट.

"गिळतेय!" करमी ओरडली. "मोठ्या आई, गिळतेय ती!"

"ओरडू नकोस, दचकेल!" असं म्हणत जालूआईच तिच्याहून मोठ्यानं ओरडली, आणि पडद्यातून डोकं बाहेर काढून रायणीच्या दिशेनं हाक मारली, "अहो! गिळतेय!"

"कोण?" लांबून आवाज आला.

"तुमची नात!"

पोट भरल्यावर पोरीनं आपणच सोडलं आणि ती झोपली, नऊ दिवसांत पहिल्यांदा मुठी उघड्या ठेवून. सुटलेलं बोंड गोल होतं, चेपलेलं नव्हतं. जालूआईनं दुधाचे दोन थेंब काढायला लावले, चिरेवर फिरवले आणि वारा लागून सुकू दिले. "हाच लेप. दुसरा नाही."

ते तीन दिवस जालूआईला धड बसवलं नाही. पोर दिवसरात्र दोन-दोन तासांनी उठायची, आणि प्रत्येक वेळी राजल पोरीच्या तोंडाकडं बघत लावायची. दहात चार वेळा चुकायची. चुकलं की करंगळी, आणि पुन्हा. मंगळवारी दुपारी डावीकडची चीर फारच ठणकली, तेव्हा त्या बाजूचं दूध हातानं वाटीत काढून चमच्यानं पाजलं आणि छातीला विसावा दिला. लंगोट मोजायचं काम जालूआईनं स्वतःकडं घेतलं. तिला वीसच्या पुढं मोजता येत नव्हतं, पण वीस लागतही नव्हते. मंगळवारी पाच ओले. बुधवारी सात! दोरीवरचे सातही लंगोट तिनं करमीला नेऊन दाखवले.

गुरुवारी जशुबेननं गाडी उभी केली तेव्हा जालूआई रायणीखाली पोर घेऊन तयारच होती. काटा फांदीला टांगला गेला. झोळीत पोर गेली. झोळी हलली, सुई हलली.

"हलू देऊ नका हो तिला," जशुबेन म्हणाली.

"ती तंदुरुस्त आहे, हलणारच. किती?"

"थांबा."

"किती गं?"

"आई, सुई थांबू तर द्या!"

जालूआईला अंक वाचता येत नव्हते. तिनं सुईऐवजी जशुबेनच्या चेहऱ्याकडं बघायचं ठरवलं. त्या चेहऱ्यावरचे डोळे आधी बारीक झाले. मग भुवया वर गेल्या.

"दोन किलो सहाशे वीस. एकशेवीस ग्रॅम चढली! तीन दिवसांत! काय केलंत?"

राजलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हमीरनं फेटा उडवला. करमी म्हणाली, "आम्ही शिकवलं," आणि जालूआईनं तिच्याकडं असं पाहिलं की ती पुढं म्हणाली, "म्हणजे, मोठ्या आईंनी."

"मी नाही," जालूआई म्हणाली. पुढचं वाक्य तिच्या तोंडातून यायला वेळ लागला. "सोमवारी ही बाई म्हणाली की मला बघू दे. मी नाही म्हटलं. तेव्हाच ओढणी वर केली असती तर पोरीचा एक दिवस तरी वाचला असता. आणि पहिल्या दिवशी केली असती, तर नऊ."

 जालूआई चुकले म्हणते, हे ऐकायची कुणाला सवय नव्हती. जशुबेननं वहीत आकडा लिहिला.

"दवाखाना, पूड, काही नको," ती म्हणाली. "असंच चालू द्या. पुढच्या सोमवारी परत तोलू. बोंड पुन्हा फाटलं, छाती लाल झाली, ताप आला, तर मात्र मला बोलवा. आणि आई, मी हे दुसऱ्या नेसांत सांगणार हं. पलीकडच्या ओढ्यापाशी एक पोर आहे, पाच दिवसांची बाळंतीण. तिचंही माहेर लांब. घुंगट ओढून रडत बसलीय. सासू मला आत सोडत नाही."

"कोण सासू?"

"वेजीबाई."

"वेजी?" जालूआई उभी राहिली. "ती लग्नातसुद्धा माझ्या पुढं बसायला बघते! तुला ती नाही सोडणार आत. तुझ्या बापालाही नाही." तिनं घागऱ्याला खोचलेली पेटीची किल्ली काढून राजलच्या हातात दिली. "दूध उतू जाऊ देऊ नकोस. पोर उठली की तोंडाकडं बघ, हाताकडं नाही."

"आई, तुम्ही कुठं निघालात?" हमीर विचारत राहिला.

जालूआई जशुबेनच्या गाडीवर मागं बसली होती, एका अंगाला दोन्ही पाय घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा. दोन्ही हातांनी तिनं जशुबेनची कंबर अशी आवळली की ती बिचारी ओय म्हणाली.

"चल! किती वेळ लावतेस? तिकडं पोर उपाशी आहे!"